सुटलेला बाण

डिसेंबर उजाडला की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील व्यापारी घरांत एकाच वेळी दोन हिशेब सुरू होतात. एक लग्नसराईच्या मालाचा आणि दुसरा नाताळच्या सुट्टीचा. कोणी पालिताण्याच्या यात्रेचे आरक्षण करतो, कोणी मालवण-तारकर्लीचे, कोणी अंदमानचे. ज्यांची लेक किंवा भाऊ परदेशी स्थायिक झाले आहेत, त्यांच्या घरातील एखादा तरुण या दिवसांत विमानाने दूर जातो आणि घरचे त्याच्या फोनची वाट पाहत बसतात.

असाच एक फोन अंबरनाथच्या एका घरी सकाळी साडेसातच्या सुमारास आला. घराचे दुकान उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या घाऊक व्यापाराचे. नातू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीसाठी फ्लोरिडात मामांकडे गेलेला. तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ वाजले होते. आजोबांची नवकारशी अजून व्हायची होती, म्हणून त्यांच्यापुढे पाण्याचा पेलाही नव्हता. नातवाने इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर जरा अडखळत विचारले, “आजोबा, मामांच्या शेजाऱ्यांनी मला बोटीवर बोलावले आहे. इथे लोक समुद्राच्या उथळ पाण्यात धनुष्यबाणाने मासे टिपतात. मी मासा खाणार नाही, हातही लावणार नाही. फक्त एकदा धनुष्य चालवून पाहू का?”

आजोबा रागावले नाहीत. नातवाने विचारले, यातच घराचे संस्कार शिल्लक असल्याची खूण त्यांना दिसली. त्यांनी उलट प्रश्न केला, “हे सारे चालते कसे, ते नीट विचारून घे. आणि एक गोष्ट मुद्दाम विचार. बाण लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडता येतो का? उद्या याच वेळी फोन कर.”

नातवाने दुसऱ्या दिवशी जे सांगितले, ते आपल्याकडील बहुतेकांना नवे वाटेल. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखाताच्या काठी हा खेळ चांगलाच रुळलेला आहे. हिवाळ्यात उथळ खाडीतले पाणी निवळते, तळ दिसू लागतो. सपाट तळाच्या बोटीच्या कडेला प्रखर दिवे लावून रात्री लोक निघतात आणि उजेडात दिसणारे बोय, पाकट, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे टिपतात. धनुष्याला दोरीची फिरकी जोडलेली असते. बाण नेहमीच्या बाणाहून जड असतो, त्याला पिसे नसतात आणि त्याचे टोक उलट्या काट्यांचे असते. मासा त्यातून निसटू नये, हाच त्या काट्यांचा उद्देश. बाण शिरला की दोरी ओढायची.

नेम धरण्यातही एक गंमत आहे. प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना वाकतो, त्यामुळे मासा असतो त्याहून वर दिसतो. सरळ खाली पाहिले तर १२० सेंटिमीटर खोलीवरचा मासा साधारण ९० सेंटिमीटरवर असल्याचा भास होतो. तिरके पाहिले तर फसगत अधिकच. म्हणून शिकवणारा सांगतो, दिसतो तिथे मारू नकोस, त्याच्या खाली मार. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला या गणिताची भुरळ पडावी, यात नवल नाही. आपल्याकडे मत्स्यवेध म्हटला की द्रौपदीचे स्वयंवर आठवते आणि जैन पुराणांत राधावेध. परंतु त्या वेधांचे लक्ष्य यंत्रावर फिरणारे होते. तिथे पणाला लागले ते कौशल्य, कोणाचा जीव नव्हे.

आजोबांच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर मात्र नातवाने सर्वांत शेवटी आणि हळू आवाजात दिले. “नाही आजोबा. बाण लागलेला मासा परत सोडता येत नाही.”

गळाने मासे पकडणारे हौशी लोक पुष्कळदा मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडतात. त्यातही यातना आहेच. पण निदान मन बदलायला तेथे जागा आहे. धनुष्याच्या खेळात ती जागा नाही. फ्लोरिडाच्या मत्स्यनियमांत धनुष्याने होणारी मासेमारी भाल्याच्या मासेमारीबरोबर, म्हणजे माशाचे शरीर भेदून त्याला पकडण्याच्या प्रकारांत मोडते. टारपन, स्नूक, ठिपकेदार पाकट अशा काही जाती या प्रकारे मारण्यास तेथे मनाई आहे. पण रात्रीच्या उजेडात, हलत्या पाण्यात, वाकलेल्या किरणांतून दिसणारी आकृती नेमकी कोणत्या जातीची आहे, हे बाण सोडण्यापूर्वीच ओळखावे लागते. चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही.

अशा हौसेची परिणती कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेतल्याच चेसापीक उपसागरात घडले. गाईच्या नाकासारख्या मुखामुळे ‘काउनोज रे’ म्हणून ओळखली जाणारी पाकटे तेथे उन्हाळ्याच्या आरंभी पिले घालण्यासाठी उथळ पाण्यात येतात. या पाकटाची मादी सात-आठ वर्षांची झाल्यावर प्रसवक्षम होते, सुमारे ११ महिने गर्भ वाहते आणि बहुधा एकाच पिलाला जन्म देते. ही पाकटे कालवांचा फडशा पाडतात, असा आरोप ठेवून त्यांना धनुष्यबाणाने मारण्याच्या स्पर्धा भरू लागल्या. वजन जास्त त्याला बक्षीस, म्हणून गाभण मादीच लक्ष्य ठरे. पुढील संशोधनात तो आरोप टिकला नाही. प्राणिमित्र संस्थांनी या स्पर्धांचे चित्रण लोकांपुढे आणले आणि २०१७ साली मेरीलँड राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून या स्पर्धांना स्थगिती दिली. अहिंसेचे नावही न घेणाऱ्या समाजाला हौसेच्या हत्येला कोठेतरी आळा घालावासा वाटला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

येथे एक भेद नीट पाहिला पाहिजे. धनुष्याने मासा टिपणे हे मुळात हौसेचे काम नव्हते. आपल्याच देशात, अंदमानात, जारवा, ओंगे आणि सेंटिनली हे आदिम समाज पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्याच्या उथळ पाण्यात उभे राहून बाणाने मासे मिळवत आले आहेत. तो त्यांचा आहार आहे, त्यांचे जगणे आहे. कोकणच्या कोळी बांधवांचे जाळे हीदेखील उपजीविका आहे. १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करूनच होडी लोटण्याची रीत, यांत त्यांच्या व्यवसायाचा स्वतःचा एक संयम आहे. २०१८ च्या अखेरीपासून महाराष्ट्र शासन, जाळ्यात अडकलेला संरक्षित जलचर सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. ऑलिव्ह रिडले कासवे, देवमुशी अशा जिवांना त्यामुळे पुन्हा समुद्र मिळाला आहे. हाती आलेले सोडून देण्यासाठी स्वतःचे जाळे कापणारा गरीब मच्छीमार आणि काहीच गरज नसताना भाड्याच्या बोटीवरून बाण सोडणारा सुखवस्तू पाहुणा, यांना एका मापाने मोजता येणार नाही.

जैन आचारशास्त्राने हा भेद फार पूर्वी सांगितला. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार मानले आहेत. स्वयंपाक, झाडलोट, बांधकाम यांत घडते ती आरंभी. व्यवसायात घडते ती उद्योगी. स्वसंरक्षणात घडते ती विरोधी. आणि मारण्याचाच हेतू धरून केली जाते ती संकल्पी. पहिल्या तिन्हींत गृहस्थाने यतना ठेवावी, त्या जितक्या कमी करता येतील तितक्या कराव्यात, अशी अपेक्षा आहे. चौथीचा मात्र त्याने पूर्ण त्यागच करायचा असतो. सुट्टीतला बाण या चौथ्या प्रकारात बसतो. शिवाय त्यात कोणतेही प्रयोजन नाही, म्हणून तो अनर्थदंडही ठरतो. ज्या श्राविका मंदिरात अक्षतांनी अष्टमंगल आलेखतात, त्यांच्या हातून मीनयुगलही रेखले जाते. पाटावर मंगल मानलेला तो जीव पाण्यात खेळणे कसा ठरेल?

हे सारे आजोबा फोनवर बोलले नाहीत. उपदेशाने तरुण मन आडवे जाते, हे दुकानात चाळीस वर्षे गिऱ्हाईक पाहिलेल्या माणसाला ठाऊक असते. त्यांनी नातवाला मृगसेन धीवराची कथा सांगितली.

अवंती देशात, क्षिप्रेच्या काठी मृगसेन नावाचा कोळी राहत असे. एके दिवशी जाळे खांद्यावर टाकून निघाला असताना त्याला मुनी भेटले. त्याने वंदन करून व्रत मागितले. मासेमारी सोड, असे मुनींनी सांगितले नाही. त्याची परिस्थिती पाहून त्यांनी एवढेच सांगितले, की जाळ्यात येणारा पहिला मासा मारू नकोस. मृगसेनाने जाळे टाकले. मोठा मासा आला. खुणेसाठी त्याच्या अंगाला चिंधी बांधून त्याने त्याला सोडून दिले. पुन्हा जाळे टाकले, तोच मासा आला. असे पाच वेळा घडले. पाचही वेळा त्याने त्याला पाण्यात सोडले आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी परतला. पत्नी घंटा संतापली. तिने दार लावून घेतले. मृगसेन बाहेरच निजला आणि त्या रात्री सर्पदंशाने त्याचा अंत झाला. पुढच्या जन्मी तो श्रेष्ठिकुळात जन्मला आणि त्याच्या जिवावर एकामागून एक संकटे आली, पण पाचही वेळा तो वाचला. एकदा तर त्याला विष द्यावे असे लिहिलेल्या पत्रात कोणा दयाळू स्त्रीने एका काना वाढवला आणि ‘विष’ऐवजी श्रेष्ठीची ‘विषा’ नावाची कन्याच त्याला मिळाली. विसाव्या शतकात आचार्य ज्ञानसागरांनी याच कथेवर ‘दयोदय’ हे संस्कृत चंपूकाव्य रचले.

कथा संपल्यावर आजोबा एवढेच म्हणाले, “मृगसेनाचे पोट मासेमारीवर होते, तरी तो एक मासा सोडू शकला, कारण त्याच्या हाती जाळे होते. तुझ्या पोटाचा प्रश्नच नाही, आणि तुझ्या हाती जे देणार आहेत, त्यातून पहिला मासाही सोडता येत नाही. आता तूच ठरव.”

नातू थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने तरुणांच्या पद्धतीने एक मधला मार्ग काढला. “मी धनुष्य हातात घेत नाही. नुसता बोटीवर जातो, बघतो, व्हिडिओ काढतो. मग तर काही हरकत नाही ना?”

हा प्रश्न आज घराघरांत वेगळ्या रूपाने उभा आहे. मुले स्वतः कोणाला मारत नाहीत. परंतु मोबाइलवर कोणी कोणाला मारत असल्याची दृश्ये पाहतात, त्यांवर पसंतीची खूण करतात आणि पुढे पाठवतात. शास्त्राने कर्मबंधाची तीन दारे सांगितली आहेत. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे. तिसरे दार सर्वांत सोपे, कारण त्यातून जाताना हात स्वच्छ राहतात. तंदुलमत्स्याचा दृष्टांत याच दारासाठी आहे. स्वयंभूरमण समुद्रातील महाकाय माशाच्या पापणीत, काही परंपरांच्या कथनानुसार कानात, तांदळाच्या दाण्याएवढा मासा राहतो. मोठ्या माशाच्या उघड्या तोंडातून असंख्य मासे आत येतात आणि पाण्याबरोबर बाहेर निसटतात. हे पाहून तो चिमुकला जीव मनात म्हणतो, ‘मी एवढा मोठा असतो तर एकालाही सोडले नसते!’ त्याने एकही मासा गिळलेला नसतो, तरीही केवळ त्या भावामुळे तो सातव्या नरकाचे आयुष्य बांधतो. बोटीच्या कडेला उभे राहून ‘वा, काय नेम!’ म्हणणाऱ्याची गोष्ट याहून फार निराळी नाही.

नातू त्या रात्री बोटीवर गेला नाही. शेजाऱ्यांना त्याने नम्रपणे सांगितले, की आमच्या घरात हे चालत नाही. शेजाऱ्यांनी ते मनाला लावून घेतले नाही. उलट तेच त्याला म्हणाले, की मग हिवाळ्यात येथे पाहण्यासारखे दुसरेही काही आहे. चार दिवसांनी मामांनी त्याला ब्लू स्प्रिंग येथील उद्यानात नेले. समुद्र आणि नदीचे पाणी गार पडले की मानाटी, म्हणजे आपल्या अंदमानातील समुद्रगाईचे अमेरिकी भाऊबंद, तेथील कोमट झऱ्याच्या आश्रयाला येतात. झऱ्याचे पाणी बारमाही साधारण २२ ते २३ अंशांचे असते. नितळ पाण्यात शेकडो किलो वजनाचे ते शाकाहारी जीव पिलांना शेजारी घेऊन संथ पडून होते आणि काठावरची माणसे आवाज न करता उभी होती. काही मानाट्यांच्या पाठीवर बोटींच्या पंख्यांनी झालेल्या जखमांचे पांढरे व्रण होते. नातवाने घरी पाठवलेले छायाचित्र तेच होते.

सुट्टीत समुद्रावर जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना असा पर्याय शोधण्यासाठी फ्लोरिडाला जाण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी पूर्वी कासवांची अंडी उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती घरटी राखायला आरंभ केला. हिवाळा सरता सरता अंड्यांतून निघालेली पिले समुद्राकडे धावताना पाहण्यासाठी आज तेथे दूरदूरचे लोक येतात आणि गावातल्या घरांत उतरतात. अंदमानात वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ आणि मासे पाहता येतात. प्रवाशाने सहल ठरवतानाच चालकाला विचारावे, की या सहलीत गळ, जाळे, भाला असले काही आहे का. दर विचारतो तितक्याच सहज हेही विचारता येते.

येथपर्यंत ही कथा सरळ आहे. नातू परतला त्यानंतरचा भाग तितका सरळ नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी आजोबा आणि नातू अंबरनाथच्या शिवमंदिराच्या बाजूने चालत होते. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील शिलालेख असलेले हे मंदिर वालधुनीच्या काठी उभे आहे. ही नदी अंबरनाथहून उल्हासनगरातून कल्याणकडे जाते, उल्हासला मिळते आणि शेवटी वसईच्या खाडीने समुद्राला पोहोचते. बदलापूरजवळची उल्हास पाहिलेल्याला दोन पाण्यांतला फरक सांगावा लागत नाही. पुलावर थांबून नातवाने विचारले, “आजोबा, या नदीत एक तरी मासा असेल का?”

आजोबांनी उत्तर दिले नाही. प्रश्नाचा रोख त्यांना कळला होता. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर याच नदीत कोणीतरी रसायन ओतले आणि त्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले. २०१५ साली वनशक्ती या संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. पुढे जीन्स धुणारे आणि रंगवणारे अनेक कारखाने बंद झाले, काही शहराबाहेर सरकले. दुकानातली जीन्स मात्र धुतल्याशिवाय विकली जात नाही. ती कोठेतरी धुतली जातेच. कोठे, हे घरातल्या कोणी कधी जाऊन पाहिले नव्हते. वॉशिंगवाल्याचा दर तेवढा माहीत होता.

श्रावकाने टाळावयाच्या १५ कर्मादानांत विषवाणिज्य आहे आणि जलाशय आटवून त्यातले जीव मारणारे कर्मही आहे. ही नावे प्रतिक्रमणात दर वेळी उच्चारली जातात. पाण्यात विष मिसळणाऱ्या हाताला आपला माल देणे त्यांत बसते की नाही, हा प्रश्न व्यापाऱ्याला अवघड वाटतो. कारण बाण सोडणारा दिसतो, सांडपाणी सोडणारा दिसत नाही. एका माशाला भेदणाऱ्या खेळाला नकार देणे सोपे होते. त्यासाठी घराला एक रुपयाही मोजावा लागला नव्हता.

त्या रात्री सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर वडील, आजोबा आणि नातू वह्या घेऊन बसले. वडिलांची अडचण खरी होती. शुद्धीकरणाची व्यवस्था असलेल्या कारखान्याचा दर नगामागे जास्त पडतो, आणि बाजारात समोरचा दुकानदार दोन रुपयांनीही गिऱ्हाईक तोडतो. “सगळा माल एकदम वळवला तर हंगाम हातचा जाईल,” ते म्हणाले.

“मृगसेनानेही सगळे मासे सोडले नव्हते,” आजोबा म्हणाले. “एकच सोडला. पण तो पाचही वेळा सोडला.”

वडील बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग त्यांनी दर हंगामाच्या पहिल्या खेपेसमोर खूण केली. ती खेप, दर काहीही असो, पाणी शुद्ध करून सोडणाऱ्याकडेच जाईल, असे ठरले. उरलेल्या खेपांचा विचार पुढच्या पर्युषणात, हिशेब समोर ठेवून करायचा. आणि रविवारी तिघांनी आताच्या वॉशिंगवाल्याकडे जाऊन, त्याचे पाणी कोठे जाते, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे.

व्रत किती मोठे घेतले, यापेक्षा दार बंद झाल्यावरही ते टिकते का, यात त्याची कसोटी असते. घंटेने लावलेले दार मृगसेनाला जड गेले असेलच. या घरापुढे ते दार बाजाराच्या रूपाने उभे आहे. रविवारी सकाळी आजोबांनी नवकारशी करून चपला घातल्या, तेव्हा नातू आधीच जिन्याखाली उभा होता.